'राजद्रोह' या शब्दाचे उसने कूळ

सोलापुरात १२ मे १९३० रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. डोक्यावरची गांधी टोपीदेखील त्या दिवसांत सत्तेला अपराधासारखी भासली. त्याआधी, ८ मेच्या गोळीबारानंतर उसळलेल्या प्रक्षोभात पोलिसांची हत्या झाली होती. तिच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आरोप खुनाचा होता. राजद्रोहाच्या १२४अ कलमाखाली फाशी देताच येत नव्हती. तरीही या प्रकरणाची चर्चा 'राजद्रोह' या संज्ञेकडे सहज वळते आणि संज्ञेमागोमाग एक सिद्धान्तही येतो: भारतीय मनाला राजनिष्ठा उपजतच, राजा विष्णूचा अंश, इंग्रजांनी गादी तेवढी घेतली, प्रजाधर्म जुनाच राहिला. वसाहतीचे प्रशासक हे सोयीने सांगत. परंपरेचे अभिमानी तेच गौरवाने सांगतात. दोघांचेही वाचन आळशी आहे.

सोलापूरहून फार दूर नसलेल्या कल्याणीत (आजचे बसवकल्याण) चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्या स्मृतीतील राजधर्मप्रकरण प्रजेला निष्ठा शिकवण्यासाठी रचलेले नाही. रक्षण न लाभलेली प्रजा जे पाप करील, त्याचा अर्धा वाटा राजाच्या माथी येतो, असे तेथे म्हटले आहे. आणि कारण दिले आहे ते रोखठोक: तो कर घेतो. प्रजेच्या पीडेतून उठलेला अग्नी राजाचे कुळ जाळल्यावाचून शमत नाही, हेही त्याच प्रकरणात येते.

मात्र येथे परंपरेचा कैवार घेणाऱ्यांनी हर्षभरित होण्याची घाई करू नये. राजाविषयी अनिष्ट बोलणाऱ्याची जीभ छाटून त्याला हद्दपार करावे, असेही हीच स्मृती व्यवहाराध्यायात सांगते. हे क्रूर आहे आणि ते सौम्य करून सांगण्याचे काहीच कारण नाही. परंतु शिक्षा होते ती जिभेला, उच्चारलेल्या शब्दाला. अंतःकरणात राजाविषयी प्रेम आहे की नाही, याची झडती हे वचन घेत नाही.

'आज्ञापत्रा'चीही अशीच गत झाली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेला अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ राजसत्तेचे स्तोत्र म्हणून वाचला जातो. त्यातील आरमाराचे प्रकरण मात्र या वाचनाला अडते. गलबतांसाठी लाकूड हवे, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. वतनदारांविषयी कमालीचा कठोर असणारा हा ग्रंथ रयतेच्या परसात येताच राजाज्ञेला थांबवतो. तो लोकशाहीवादी मुळीच नाही. पण 'उपजत राजनिष्ठे'चा पुरावा म्हणून त्याला उभे करणे हा ग्रंथावर अन्याय आहे.

मग प्रेमाची सक्ती आली कोठून? १८९७ साली टिळकांवर खटला झाला तो १५ जूनच्या 'केसरी'तील एका कवितेवरून आणि एका व्याख्यानाच्या वृत्तान्तावरून. म्हणजे वाद मुळात संहितेच्या वाचनाचा होता आणि मराठी मजकुराचा अर्थ इंग्रजी भाषांतरातून लावला जात होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की, 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. १८९८ च्या दुरुस्तीने त्या अर्थात बेइमानी आणि वैराच्या सर्व भावना समाविष्ट केल्या. प्रजेचे कर्तव्य करभरणा आणि आज्ञापालन यांपुरते न राहता तिच्या भावविश्वापर्यंत पोहोचले ते या कलमात. मराठीत त्याला 'राजद्रोह' असे संस्कृत नाव मिळाले आणि एकोणिसाव्या शतकातील एका वसाहती अपराधाला जणू सनातन कूळ लाभले. समीक्षेने हे कूळ तपासायला हवे होते. तिने ते गृहीत धरले.

सोलापुरात तर सत्तेला या कलमाचीही पुरती गरज वाटली नाही. 'लष्करी कायदा' या मराठी पदात 'कायदा' आहे. इंग्लंडच्या घटनाशास्त्रात मात्र, डायसीच्या मते, या अर्थाचा कायदा अस्तित्वातच नाही. उरते ती केवळ निकड. या निकडीला कोणी 'आपद्धर्म' म्हणू लागला, तर आपत्ती कोणाची होती हे त्याला आधी सांगावे लागेल: गिरणगावातील प्रजेची, की काही दिवस शहरावरची पकड गमावलेल्या सरकारची?

१ जुलै २०२४ पासून १२४अ कलम गेले. 'राजद्रोह' जाऊन 'देशद्रोह' आला, असे त्याआधी मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. भारतीय न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात 'अप्रीती' नाही, हे खरे. पण फुटीरतेच्या 'भावनां'ना उत्तेजन देणे तेथेही अपराधच आहे.