सलाईनचा हट्ट नको, तिसऱ्या दिवशी गोळीचे विचारा!



आपला माणूस दवाखान्यात भरती झाला की आपली मागणी ठरलेली : “डॉक्टर, सलाईन लावा. गोळीने काय होते?” ताप उतरतो, रुग्ण जेवू लागतो, तरी “आणखी दोन दिवस इंजेक्शन राहू द्या” हा आग्रह सुटत नाही. तो रुग्णालाच भोवतो. कृपया सोडा.

अत्यवस्थ रुग्णाला अँटिबायोटिक शिरेतूनच द्यावे लागते, यात वाद नाही. पण प्रकृती सावरल्यावर अनेक आजारांत गोळी तेवढेच काम करते. लिनेझोलिड, लिव्होफ्लॉक्सासिन यांची गोळी आतड्यातून जवळजवळ पूर्ण रक्तात उतरते. हाडा-सांध्यांच्या जंतुसंसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला : गोळ्यांचा उपचार इंजेक्शनपेक्षा कमी ठरला नाही.

इंट्राकॅथ (सलाईन-इंजेक्शनसाठी शिरेत बसवलेली नळी) मात्र जितके दिवस हातात, तितका धोका जास्त. शीर सुजते, त्या वाटेने जंतू थेट रक्तात शिरू शकतात. सुट्टी लांबते. रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातील देवरी-सालेकसाहून आलेल्या कुटुंबात रुग्णासोबत आणखी एकाची मजुरी बुडते.

म्हणून एवढे करा :

१. भरतीनंतर ४८ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारा, “आता गोळी चालेल का?” ताप उतरला असेल, रक्तदाब स्थिर असेल, उलटी नसेल आणि गिळता येत असेल, तर हे जरूर विचारा.

२. इंट्राकॅथची जागा दुखली, लाल झाली, सुजली तर सिस्टरला लगेच सांगा.

३. गोळ्या सांगितल्या वेळी, सांगितले तितके दिवस घ्या. अ‍ॅसिडिटीचे किंवा लोहाचे औषध चालू असेल तर सांगा. काही गोळ्या त्यासोबत नीट लागू पडत नाहीत.

४. ताप परतला, धाप लागली, ग्लानी आली तर तडक दवाखाना गाठा.

मेंदूच्या आवरणाचा किंवा हृदयाच्या झडपेचा संसर्ग असेल, तर इंजेक्शन लांबू शकते. तो निर्णय डॉक्टरांचा; स्वतःहून काही बंद करू नका.

डॉक्टरांनाही विनंती : तिसऱ्या दिवशीचा फेरविचार केसपेपरवर लिहा आणि नातलगांच्या दबावाखातर इंजेक्शन लांबवू नका.

ज्यांचा माणूस आज वॉर्डात आहे, त्यांनी पुढच्या राउंडलाच “आता गोळी चालेल का?” हा प्रश्न विचारावा.