खून, खटला आणि माफी : एका माजी पोलीस अधिकाऱ्याची सुटका आपल्याला काय सांगते?

नोव्हेंबर २०२३ मध्ये रशियातून एक बातमी आली. पत्रकार आन्ना पोलित्कोव्स्काया यांच्या खुनात २० वर्षांची शिक्षा झालेला माजी पोलीस अधिकारी सर्गेई खाजिकुर्बानोव तुरुंगाबाहेर होता. तुरुंगातूनच त्याची युक्रेनच्या युद्धासाठी भरती झाली, ठरलेली मुदत तो लढला आणि त्याबदल्यात त्याला माफी मिळाली. माफीनंतरही तो सैन्यातच राहिला. आन्ना यांच्या मुलांना किंवा त्यांच्या वर्तमानपत्राला याबद्दल कुणी काही कळवलं नव्हतं.

आमच्या अभ्यासवर्गात ही बातमी वाचली तेव्हा एका मुलाने विचारलं, "आपल्याकडचे प्रश्न काय कमी आहेत का, म्हणून आपण रशियाचं घेऊन बसलोय?" प्रश्न रास्त होता. त्याला तेव्हा जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर मांडतो आहोत.

आन्ना कोण होत्या?

आन्ना मॉस्कोच्या 'नोवाया गझेता' या वर्तमानपत्रात काम करत. चेचन्यातलं दुसरं युद्ध १९९९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून त्या सतत तिथे जात राहिल्या. रणगाडे आणि सेनापती हा त्यांचा विषय नव्हता. रात्री घरातून उचलून नेलेली आणि परत न आलेली माणसं, छळछावण्या, मुलाचा पत्ता शोधत फिरणाऱ्या आया, हे त्या लिहीत. रशियन सैनिकांच्या आयांचंही दुःख त्यांनी लिहिलं.

एक उदाहरण पुरेसं आहे. २००१ च्या सुरुवातीला ग्रोझनी शहरात पोलिसांनी एका तरुणाला ताब्यात घेतलं. तो पुन्हा कधी दिसला नाही. आन्ना यांनी हे प्रकरण लावून धरलं आणि संबंधित पोलिसाचं नाव छापलं. मग धमक्या सुरू झाल्या. काही काळ त्यांना देश सोडून व्हिएन्नाला राहावं लागलं. पण परत येऊन त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. २००५ मध्ये त्या पोलिसाला ११ वर्षांची शिक्षा झाली. चेचन्यातल्या अत्याचारांबद्दल रशियन पोलिसाला शिक्षा होणं ही तेव्हा फार दुर्मीळ गोष्ट होती.

२००४ मध्ये बेस्लानच्या शाळेत मुलांना ओलीस ठेवलं गेलं. तिकडे निघालेल्या आन्ना विमानात चहा प्यायल्या आणि बेशुद्ध पडल्या. त्यातून वाचल्या. ७ ऑक्टोबर २००६ रोजी शनिवारी बाजारहाट करून घरी परतताना त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय होतं ४८.

ते वर्ष आपल्यालाही विसरता येत नाही. त्याच्या आठच दिवस आधी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली होती. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण गुन्हा घडल्यानंतर पहिल्या काही दिवसांत पोलीस काय करतात आणि काय करत नाहीत, यावर पुढची सगळी वर्षं ठरतात, हे तिथेही दिसलं आणि इथेही.

पोलिसांचा हात कुठे होता?

या खुनाचा तपास पुढे सरकला तशी एक गोष्ट उघड झाली. मारेकऱ्यांच्या टोळीला पोलिसांनी नुसतं पाठीशी घातलं नव्हतं, खुनाच्या तयारीत पोलिसांची माणसं सामील होती.

खाजिकुर्बानोव हा मॉस्कोत संघटित गुन्हेगारीविरोधी विभागात काम केलेला अधिकारी. दुसरा दिमित्री पावल्युचेन्कोव. तो मॉस्को पोलिसांच्या पाळत ठेवणाऱ्या एका तुकडीचा प्रमुख होता. त्याच्या हाताखालच्या माणसांनी आन्ना यांच्यावर पाळत ठेवली. त्या किती वाजता निघतात, कुठल्या रस्त्याने येतात, ही माहिती मारेकऱ्यांपर्यंत त्याच्यामार्फत पोचली. पिस्तूलही त्यानेच पुरवलं, असं कोर्टात सिद्ध झालं. आधी हाच माणूस सरकारी साक्षीदार होता! २०११ मध्ये त्याला अटक झाली आणि डिसेंबर २०१२ मध्ये ११ वर्षांची शिक्षा.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला एक गोष्ट वारंवार सांगितली गेली : व्यक्तीचा दोष पाहाच, पण ती ज्या संस्थेत बसली आहे ती संस्था तिला काय काय करू देते तेही पाहा. पाळतीचं प्रशिक्षण, गाड्या, माणसं, शस्त्रं, सगळं जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं. ते भाड्याने देता आलं, कारण वरून कुणी हिशोब मागत नव्हतं. अशा वेळी 'एक नासका आंबा' म्हणून विषय मिटवणं सगळ्यांच्या सोयीचं असतं. 'माजी' हा शब्दही तसाच सोयीचा. नोकरी सुटली की माणूस माजी होतो, पण त्याच्या ओळखी, त्याचा दरारा आणि त्याने आत असताना केलेली कामं माजी होत नाहीत.

कुटुंबाने काय मागितलं?

या प्रकरणातला आम्हाला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा भाग इथे आहे.

पहिल्या खटल्यात, फेब्रुवारी २००९ मध्ये, ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं. वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. कुणालाही वाटेल की कुटुंबाने आनंदाने होकार दिला असेल. तसं झालं नाही. त्यांनी सांगितलं, तेच अर्धवट पुरावे घेऊन पुन्हा कोर्टात उभे राहू नका, प्रकरण आधी तपासाकडे परत पाठवा. कोर्टाने ते मान्य केलं.

पावल्युचेन्कोवने सरकारी पक्षाशी तडजोड करून कमी शिक्षेची तरतूद करून घेतली, तेव्हाही कुटुंबाने विरोध केला. त्याने सुपारी देणारे म्हणून परदेशात राहणाऱ्या दोन सरकारविरोधकांची नावं घेतली होती. सरकारला ती नावं सोयीची होती, पण कुटुंबाला आणि वर्तमानपत्राला ती पटली नाहीत. कुणीही चालेल, कुणाला तरी शिक्षा द्या, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. घरातलं माणूस गेलेलं असताना हा विवेक टिकवणं सोपं नसतं.

अखेर २०१४ मध्ये पाच जणांना शिक्षा झाली. गोळ्या झाडणारा आणि टोळीचा सूत्रधार यांना जन्मठेप, खाजिकुर्बानोवला २० वर्षं, मारेकऱ्याच्या दोन भावांना १४ आणि १२ वर्षं. पण खुनाचा हुकूम कुणी दिला, पैसे कुणी दिले? २०१८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की हे शोधण्यासाठी रशियाने पुरेसे प्रयत्न केले नाहीत. २०२१ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली आणि रशियन कायद्यातली मुदतही उलटली. दुसऱ्याच दिवशी आन्ना यांचे संपादक दिमित्री मुरातोव यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं आणि 'नोवाया गझेता'ला रशियात छपाई थांबवावी लागली. त्यानंतरच्या वर्षी खाजिकुर्बानोवच्या माफीची बातमी आली. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांचा कागद बंद आणि ज्याने प्रश्न विचारणारीला मारायला मदत केली तो गणवेशात परत.

आपल्याकडे काय?

डॉ. नरेंद्र दाभोलकर हे 'साधना' साप्ताहिकाचे संपादकही होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी, जवळपास ११ वर्षांनी, विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. कटाचा आरोप असलेल्या तिघांना पुराव्याअभावी सोडलं. पिस्तूल चालवणारा हात सापडतो, पण त्यामागचं डोकं सापडत नाही, हे मॉस्कोतही झालं आणि पुण्यातही.

माफीचा प्रश्नही आपल्याला परका नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बिल्किस बानो प्रकरणातल्या ११ दोषींची शिक्षामाफी करून सुटका झाली. तुरुंगाबाहेर त्यांना पेढे भरवले गेले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली आणि सगळ्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं. फरक एवढाच की आपल्याकडे माफीला आव्हान देता येईल असं न्यायालय होतं आणि आव्हान देणारी बाई मागे हटली नाही. हा फरक छोटा नाही. तो आपोआप टिकेल असंही नाही.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायचं

आन्ना यांच्या कुटुंबाला सुटकेची साधी सूचनाही मिळाली नाही. आपल्या हातात मात्र एक साधन आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आलं. त्यानुसार पीडित आणि त्यांच्या कुटुंबाला कोर्टातल्या प्रत्येक कार्यवाहीची वेळेत सूचना मिळण्याचा हक्क आहे. जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, सुटका, शिक्षा, या प्रत्येक टप्प्यावर त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे बंधनकारक असल्याचं सांगितलं आहे.

तरी प्रत्यक्षात काय होतं? आम्ही ज्या कुटुंबांबरोबर काम करतो, त्यातल्या अनेकांना आरोपीला जामीन मिळाल्याचं कळतं ते तो गावात दिसल्यावर. एका आईने आम्हाला विचारलं होतं, "तो पारावर बसलाय, म्हणजे केस संपली का?" तिला कलम १५अ माहीत नव्हतं, यात तिचा दोष नाही. ते तिला सांगायला आम्ही उशिरा पोचलो, हा आमचा दोष होता.

म्हणून काही साध्या गोष्टी. मोर्चा काढा, पण मोर्च्याआधी एफआयआरची प्रत घ्या, ती फिर्यादीला मोफत मिळते. पोलीस ठाण्यात दिलेल्या प्रत्येक अर्जावर पोच घ्या. तारखांची वही ठेवा आणि प्रत्येक तारखेला कुणीतरी कोर्टात हजर राहा. पोलिसाचं नाव आलं तर त्याची बदली झाल्यावर समाधान मानू नका, तो कुणाच्या आदेशाने काम करत होता ते लेखी विचारा. आणि तालुक्याच्या ठिकाणी एकटा बातमी लावणारा जो पत्रकार आहे, त्याला धमकी आली तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात दहा जण उभे असले पाहिजेत.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये पाक्षिक काढलं तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव दिलं. आन्ना यांनी ज्यांच्याबद्दल लिहिलं, तेही असेच बोलू न दिलेले लोक होते. अभ्यासवर्गातल्या त्या मुलाला आम्ही शेवटी एवढंच म्हटलं : ग्रोझनीतल्या त्या तरुणाचं काय झालं हे जगाला कळलं, कारण कुणीतरी तिथे गेलं आणि नावानिशी लिहिलं. पुढच्या तारखेला तो मुलगा आमच्याबरोबर कोर्टात आला. वही त्याच्याच हातात होती.