एका वर्षातली दोन रणांगणं

२५ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकेत ‘हेलो ३’ हा व्हिडिओ गेम आला आणि सहाच आठवड्यांनी ‘कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर’. एक्सबॉक्स ३६० च्या खेळाडूंची दिवाळीच!

‘हेलो’त सामना सुरू होताना सगळ्यांच्या हाती सारखीच हत्यारं. रॉकेट लाँचर ठरलेल्या जागी पडलेला. आधी पोचेल त्याचा. ‘मॉडर्न वॉरफेअर’नं हा न्याय मोडला. जितकं खेळाल तितक्या नव्या बंदुका आणि खास क्षमता खुल्या होतात. न मरता सलग सात शत्रू टिपले, की हेलिकॉप्टर मदतीला येतं. पुढे कित्येक नेमबाजी खेळांनी हीच वाट धरली.

तरी झुकतं माप ‘हेलो’लाच द्यावंसं वाटतं. त्याची अख्खी कथा चौघं मित्र मिळून खेळू शकतात; दुसऱ्यात ती एकट्यानंच लढावी लागते.