हजला चालते ती सुई घरी का चालत नाही?

एप्रिलच्या शेवटच्या जुम्म्याला मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला. पावसाळ्याआधी फ्लूची लस घरातल्या कोणाकोणाला द्यायची? असरपर्यंत उत्तरं आली. मोठ्या चाच्यांनी लिहिलं, "अल्ला मालिक है." एका चुलतभावाने डुकराच्या चित्रावर लाल फुली मारलेला फॉरवर्ड टाकला. त्याची बायको डी. फार्म. आहे. तिने ग्रुपवर चकार शब्द काढला नाही, मला मात्र वेगळा मेसेज करून लशीची किंमत कळवली. मेहुण्यांनी विचारलं, सर्दीला कशाची लस? आणि धाकट्या भावाने लिहिलं, "देखेंगे बरसात के बाद."

हे शेवटचं वाचून मी फोन बाजूला ठेवला. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोललो होतो.

२०२३ ला अब्बा, अम्मी आणि मोठी खाला हजला गेले. जाण्याआधी हज यात्रेकरूंचं लसीकरण शिबिर होतं, मीच त्यांना घेऊन गेलो होतो. मेंदुज्वराची लस सगळ्यांना, पोलिओचे थेंब सगळ्यांना, आणि ज्यांचं वय ६५ च्या वर आहे त्यांना शिवाय फ्लूची सुई. रांगेत शे-दोनशे माणसं असतील. दाढीवाले बुजुर्ग, बुरख्यातल्या बायका, दोन मौलाना, एक हाफिजसाहेब. एकानेही विचारलं नाही की यात काय आहे, कुठल्या जनावराचं आहे, कुणाचा डाव आहे. बाह्या वर केल्या, बिस्मिल्लाह म्हटलं, सुई घेतली, कार्डावर शिक्का घेतला आणि ते कार्ड पासपोर्टइतकं जपून ठेवलं. सौदी सरकार मेंदुज्वराच्या लशीशिवाय हजचा व्हिसा देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग मला कुणीतरी सांगा, काबागृहाला जाताना जी वस्तू पाक असते ती सोलापूर रोडवरच्या आमच्या घरी परत आल्यावर नापाक कशी होते?

फ्लूची लस एकदा घेतली की झालं असं नसतं, हे त्या वेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. हा विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, येत्या हंगामाच्या लशीत कोणते प्रकार असावेत ते ठरवते. लशीचं बळही काही महिन्यांत उतरत जातं. म्हणून ती दरवर्षी घ्यायची असते, आणि आपल्या भागात पावसाळ्यात साथ वाढते म्हणून पाऊस सुरू होण्याआधी. टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात.

२०२४ च्या मे महिन्यात खालाला आठवण झाली. खाला बेवा होती, आमच्याकडेच राहायची, वीस वर्षांचा मधुमेह. "वो हजवाली सुई फिर लेनी पडती क्या?" असं तिने मला विचारलं. मी दहावीच्या निकालाच्या कामात होतो. शिवाय मनात हिशेब केला, चौघांचे सहा-सात हजार. मी म्हणालो, देखेंगे बरसात के बाद. सप्टेंबरात आधी माझ्या मुलाला ताप आला, शाळेतून आणलेला. तो चार दिवसांत खेळायला लागला. मग खालाला. खोकला, धाप, साखर चारशेच्या वर, दवाखाना, ऑक्सिजन. तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला. अकराव्या दिवशी ती गेली.

लस घेतली असती तर खाला वाचली असती, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही आणि कुणालाच माहीत असू शकत नाही. ज्या वर्षी लस फिरत्या विषाणूशी नीट जुळते त्या वर्षी ती दवाखान्यात जाण्याइतक्या आजाराचा धोका साधारण चाळीस ते साठ टक्के कमी करते. म्हाताऱ्या माणसात त्याहून कमी. म्हणजे ती कवच नाही, छत्री आहे. पण मुसळधार पावसात मी खालाला छत्री दिली नाही, आणि नाही दिली ती आळसाने. पुरशाला आलेले सगळे म्हणत होते, "उनका वक्त आया था." माझाही त्यावर ईमान आहे. पण त्या वाक्याच्या आड मला लपू दिलं गेलं, हे मला अजून सलतं.

आता एकेका उत्तराला उत्तर देतो.

सर्दीला कशाची लस? मेहुणेसाहेब, सर्दी आणि फ्लू ही दोन वेगळी दुखणी आहेत. १९१८ मध्ये युद्धावरून आलेल्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात जो ताप उतरला त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. तो फ्लूच होता. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो आपल्या पुण्यात, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. तीही आपल्याच समाजातली होती. आजही जगभरात दरवर्षी हंगामी फ्लूने २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं श्वासाच्या त्रासाने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बहुतेकांना तो चार दिवस अंथरुणात ठेवून सोडून देतो हे खरं. कुणाला सोडत नाही, हाच तर प्रश्न आहे.

अल्ला मालिक है. बेशक. चाचा, तुम्ही मशिदीत जाताना स्कूटरला कुलूप लावता. चप्पल उचलून आतल्या कप्प्यात ठेवता. उंट आधी बांध, मग भरोसा ठेव, ही तालीम तुम्हीच आम्हाला लहानपणी दिली. हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले होते, वाटेत सर्गला पोहोचल्यावर कळलं की पुढे वबा पसरली आहे. त्यांनी मशवरा केला आणि लष्कर मागे फिरवलं. अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा की होय, त्याच्याच एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे. हा किस्सा आपल्याकडे दर रमजानला बयानात ऐकवला जातो. ऐकून सुभानअल्लाह म्हणायचं आणि घरी येऊन मधुमेहाच्या म्हातारीला म्हणायचं की तुझं नशीब.

डुकराचं चित्र. इथे मी चुलतभावाची चेष्टा करणार नाही, कारण प्रश्न खोटा नाही. काही लशींमध्ये डुकरापासून काढलेलं जिलेटिन वापरलं जातं. ब्रिटनमध्ये शाळेतल्या मुलांना नाकात फवारायची जी फ्लूची लस देतात तिच्यात ते असतं. तिथल्या मुस्लिम पालकांनी तक्रार केली, तेव्हा ज्यांना ती नको त्यांना जिलेटिन नसलेली सुई देण्याची सोय झाली. प्रश्न नीट विचारला की असं होतं. फॉरवर्ड पुढे ढकलून काहीच होत नाही. आपल्याकडे दवाखान्यात सहसा जी सुई मिळते तिच्यातला विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवून, मारून, त्याचे तुकडे करून वापरलेला असतो. डब्यात घटकांचा कागद असतो. तुझ्या घरात फार्मसी शिकलेली बाई आहे. तिला तो कागद वाचायला सांग ना! फॉरवर्ड पाठवणाऱ्या अनोळखी माणसावर भरोसा आणि बायकोच्या शिक्षणावर नाही, हा कुठला दीन?

आणि समजा जिलेटिन असलंच, तरी उलेमांनी यावर विचार केलेला नाही असं थोडंच आहे. १९९५ मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्राच्या संघटनेच्या परिषदेत फकीह आणि डॉक्टर एकत्र बसले. पदार्थाचं मूळ रूपच बदलून गेलं तर हुकूम बदलतो, या इस्तिहालाच्या तत्त्वाने त्यांनी जिलेटिनचा निकाल दिला. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने याहून कडक भूमिका घेतली. गोवर-रुबेलाच्या लशीत डुकराचा अंश वापरला गेला, म्हणून ती मुळात हरामच, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. पण दुसरी लस हाताशी नाही आणि मुलांचा जीव धोक्यात आहे म्हणून ती घेणं जायज ठरवलं. एक सैल वाट, एक कडक वाट, दोन्ही सुईपाशीच पोहोचतात. आमच्या उर्दू शाळेत फिकहवर वाद घालणारे बरेच आहेत. या दोन निर्णयांचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूला. हा ब्लॉग फक्त आपले लोक वाचत नाहीत, आणि वरचं सगळं वाचून काहींच्या मनात आलं असेल की बघा, यांचंच चुकतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले होते, मुस्लिमबहुल भागांत कोरोनाच्या लशीबद्दल संकोच आहे, तेव्हा सलमान खानची मदत घेऊ. मला तेव्हा दुहेरी राग आला. एक, त्यात तथ्य होतं. दुसरा, माझ्या वस्तीला डॉक्टर नको, उर्दूत छापलेलं साधं पत्रक नको, नट हवा, असं सरकारला वाटलं. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराने मुलं दगावली, साथ भिवंडी-मालेगावपर्यंत दिसली. पेपरांनी लिहिलं, लस नाकारणारे लोक. नाकारणारे होतेच. पण एका खोलीत दहा माणसं, कुपोषण, रोजंदारी बुडवून लसीकरणाला न जाता येणं, हे त्या मथळ्यात बसलं नाही. आणि ज्यांना आमचा संकोच खुपतो त्यांनी आपल्या सोसायटीत विचारून पाहावं, यंदा किती जणांनी आईवडिलांना फ्लूची लस दिली. या बाबतीत सगळी जमात एकाच हंड्यातली आहे.

आपला इतिहास नेहमी मागे राहण्याचा होता असंही नाही. १८९७ ला मुंबईत प्लेग असताना हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचली. लोक तरीही बिचकत होते. तेव्हा विशीतल्या तिसऱ्या आगा खानांनी लोकांसमोर ती स्वतःला टोचून घेतली, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागा दिली, आणि खोजा जमात पुढे आली. पुढाऱ्याने बाही वर केली होती. आपले आजचे पुढारी ईद मिलनच्या फ्लेक्सवर हात वर करतात.

राहिला पैशाचा मुद्दा, जो ग्रुपवर कुणीच काढला नाही आणि जो खरा होता. ही लस बाळांच्या सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही. खासगी दवाखान्यात एका सुईचे दीड ते दोन हजार पडतात. २०१५ च्या साथीच्या वेळी राज्य सरकारने गरोदर बायका, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण अशांना ती सरकारी रुग्णालयांतून मोफत द्यायला सुरुवात केली. तुमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या बोर्डावर हे कधी लिहिलेलं पाहिलंत? मी गेल्या वर्षी एका सरकारी केंद्रात विचारायला गेलो तर "स्टॉक आला की कळवू" असं उत्तर मिळालं. अजून कळवतायत.

सगळ्यांना देणं मला जमणार नव्हतं. म्हणून क्रम लावला. आपल्याकडे क्रम नेहमी कमावत्या पुरुषापासून सुरू होतो, मग मुलगे, मग उरलंसुरलं बायकांना. फ्लू उलट्या क्रमाने चालतो. म्हणून आधी अम्मी आणि अब्बा. मग बहीण, तिला सहावा महिना आहे. गरोदर बाईला लस दिली तर पोटातल्या बाळालाही पहिले काही महिने तिचं संरक्षण मिळतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, त्यामुळे दुसरी वाट नाही. मग भावाची तीन वर्षांची, दम्याची मुलगी. तिची पहिलीच वेळ, म्हणून तिला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. मग मी, कारण मी रोज साठ मुलांच्या वर्गात खोकला झेलून त्याच घरात परत येतो. बायको आणि मोठा मुलगा पगार झाल्यावर. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, हे सगळ्यांना सांगितलं. अंड्याची कडक ॲलर्जी किंवा पूर्वी लशीचा त्रास झालेला असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, हेही सांगितलं. ईदच्या कपड्यांना आपण किती घातले, हे मात्र ग्रुपवर लिहिलं नाही. चाची दुखावली असती.

ही यादी घेऊन मी रात्री अम्मीसमोर बसलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम लोगां दो दिन से मेरी सुई पे लड रैं. मेरेकू किसने पूछा?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी वर एवढं लांबलचक लिहिलं त्यात मीही तिच्या दंडाचा फैसला तिला न विचारता केलेला आहे. मग विचारलं. तिने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात हजची दोन कार्डं होती, एक तिचं, एक खालाचं. दोन्हींवर एकाच दिवसाचा शिक्का.

सोमवारी आम्ही गेलो. तसबीह उजव्या हातात म्हणून तिने डावा दंड पुढे केला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ये हजवालीच है ना?"

"हो अम्मी, तीच," त्या म्हणाल्या, "फक्त या वर्षीची."