दुखण्याची गोळी चिठ्ठीशिवाय नको



भोसरी, तळवडे, चाकण या औद्योगिक पट्ट्यात पूर्ण शिफ्ट यंत्रापुढे उभं राहणाऱ्यांचे गुडघे आणि कंबर लवकरच कुरकुरू लागतात. मेडिकलमध्ये ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हटलं की अनेकदा हातात पडते ती दोन-तीन औषधांची संयुक्त गोळी. ती चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये, असं मला ठामपणे वाटतं. नियमही तेच सांगतो, स्ट्रिपवरची लाल रेघ त्याचीच खूण आहे. अडचण अशी की, ठळक अक्षरांतल्या नावावरून आतली औषधं कळत नाहीत. एसेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम ही नेहमीची जोडी घ्या. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेतली की एसेक्लोफेनॅकची दिवसाची २०० मिलिग्रॅमची मर्यादा संपते. त्यावर दुपारी दुसऱ्या कंपनीची, त्याच गटातल्या डायक्लोफेनॅकची गोळी घेतली, तर रंग आणि नाव वेगळं असलं तरी जठराला आणि मूत्रपिंडाला मार एकाच प्रकारचा बसतो. अंगात कणकण म्हणून वर पॅरासिटामॉल ६५० घेतलं, तर तेही दुबार होतं. काही गोळ्यांत तिसरं औषध असतं, सेराटिओपेप्टिडेज. त्याचा उपयोग चाचणीत सिद्ध झाला नाही म्हणून जपानच्या टाकेडा कंपनीने ते २०११ मध्ये बाजारातून मागे घेतलं. आपल्याकडे त्याची विक्री चालूच राहिली. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ संयुक्त औषधांवर बंदी घातली. त्यात एसेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी होती. १००-३२५ची जोडी त्या यादीत नव्हती, पण म्हणून ती कुणीही, कितीही दिवस घ्यावी असं होत नाही.

डॉक्टरकडे जायचं तर खाडा पडतो, फी वेगळी, हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावू नये. पण पहिल्या दुखण्याला साधं पॅरासिटामॉल किंवा गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल पुष्कळदा पुरतं, आणि दुखणं लांबलंच तर महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयाची ओपीडी आहे, विमा असलेल्या कामगाराला ईएसआयची सोय आहे. ‘सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो’ हे उत्तर मात्र अर्धंच आहे. ती जठर सांभाळते, मूत्रपिंड नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, भट्टीजवळ घाम गाळून पाणी कमी प्यालं जात असेल, तर त्यात एसेक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाची भर पडून मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकतं. आमवाताच्या रुग्णाचं नुकसान आणखी वेगळं. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासभर मूठ वळत नाही, अशा माणसाला मेथोट्रेक्सेटसारखं आजारच रोखणारं औषध वेळेवर हवं असतं. संयुक्त गोळी ठणका दाबते, सांधा आतून झिजतच राहतो आणि उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात.

म्हणून औषध दुकानदारांनी चिठ्ठी पाहावी, रक्तदाब, मधुमेह, आधीच्या गोळ्या विचाराव्यात. कारखान्यांच्या प्रथमोपचार पेटीतून या गोळ्या सरसकट वाटणं थांबावं, आणि अन्न व औषध प्रशासनाने या पट्ट्यातल्या दुकानांची विक्री-नोंद तपासावी.

– एक वाचक, चिंचवड