हुकूम असावा, पण हुकुमाची नक्कल मिळावी

समाजमाध्यमांवरील आणि ओटीटीच्या पडद्यावरील मजकुरावर सरकारचा अंकुश असावा की नसावा, हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या परिसंवादांत केवळ तत्त्वाचा असू शकेल. परंतु ठाणाकुशनूरच्या आसपास राहणाऱ्या आम्हा बीदर जिल्ह्याच्या रहिवाशांना अंकुश नसल्याचा आणि अंकुश अनाठायी पडल्याचा, असे दोन्ही अनुभव अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने आलेले असल्यामुळे, निर्बंधांच्या भाटांबरोबर किंवा त्यांच्या कट्टर विरोधकांबरोबर डोळे मिटून उभे राहणे आम्हाला शक्य नाही.

पहिला अनुभव १३ जुलै २०१८ चा. हैदराबादेहून मित्राच्या गावाकडे औराद तालुक्यात आलेल्या काही तरुणांनी, ज्यांत कतार देशाचा एक नागरिकही होता, वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेटे वाटली. आणि मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या वार्तांनी आधीच भेदरलेल्या लोकांनी त्या साध्या कौतुकाचा जो अर्थ लावला, तो व्हॉट्सॲपच्या वाटेने त्यांच्या मोटारीच्याही पुढे धावला. मुरकी गावाशी रस्ता अडवला गेला. जमावाच्या काठ्या-दगडांखाली एक तरुण अभियंता प्राणास मुकला, त्याचे सोबती जबर जखमी झाले, त्यांना सोडवू पाहणाऱ्या पोलिसांनाही मार बसला, आणि पुढे अटक झालेल्यांत एका ग्रुपचा अ‍ॅडमिनही होता. त्याआधी बाराच दिवस, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांचा अशाच वावडीने बळी घेतला होता.

या दोन्ही ठिकाणी कायद्याची वाण होती असे कोणी म्हणू नये. खुनाचे कलम दंडसंहितेत १८६० पासून होते, दंगलीचे होते, अफवा पसरवण्याचेही होते. मुरकीनंतर चौथ्या दिवशी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रकरणात निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा विशेष अधिकारी नेमावा असे फर्मावले, आणि ते योग्यच होते. तथापि माझ्या मते त्या महिन्यातला सर्वांत परिणामकारक निर्बंध कोणत्याही राजपत्रात छापला गेला नाही. केंद्र सरकारने खडसावल्यावर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, पुढे ती जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० मध्ये हातोहात फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, तेव्हा अशा निरोपांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. त्या मर्यादेने कोणाचे मत तपासले नाही, कोणाचा धर्म विचारला नाही, कोणाला ठाण्यावर बोलावले नाही. तिने केवळ वेग कमी केला, आणि मुरकीत जीव घेतला तो वेगानेच.

याउलट माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या नियमांतील, निरोप पहिल्यांदा धाडणारा शोधून काढण्याची तरतूद पाहावी. पूर्वी गावात दवंडी पिटणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा असे, आणि ही दवंडी कोणाच्या हुकुमाने, असे त्याला चव्हाट्यावर विचारता येई. त्या धर्तीवर मूळ पुरुष हुडकावा, अशी सरकारची कल्पना दिसते. परंतु २०१८ च्या त्या हंगामात देशभर फिरलेली, मूल पळवण्याच्या दृश्याची एक चित्रफीत कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केली होती आणि तिचा खुलाशाचा शेवट कापून ती इकडे पाठवली गेली होती. नियम म्हणतो की मूळ धाडणारा परदेशी असेल, तर भारतातील पहिला प्रेषक हाच मूळ धरावा. म्हणजे कोठल्या तरी शहरातील एखाद्या भित्र्या पालकाचा फोन जप्त होईल, त्यासाठी कोट्यवधी लोकांच्या खाजगी निरोपांचे कुलूप मात्र ढिले करावे लागेल, आणि मुरकीच्या रस्त्यावर आडवे टाकलेले लाकूड तसेच राहील.

दुसरा अनुभव बीदर शहरातला, जानेवारी २०२० चा. शाहीन शाळेतील मुलांनी नागरिकत्व कायद्यावर एक नाटुकले केले. ते फेसबुकवर चढले. त्यातील पंतप्रधानांविषयीच्या एका असभ्य वाक्यावरून तक्रार झाली, आणि ३० जानेवारीला शाळेच्या मुख्याध्यापिकेस व एका विद्यार्थिनीच्या आईस राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. दोघी पंधरवडाभर तुरुंगात होत्या. गणवेशातील पोलिसांनी कोवळ्या मुलांचे जबाब घेतले, ज्याबद्दल कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढे नापसंती नोंदवली. जून २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने शाळेच्या व्यवस्थापनावरील गुन्हा रद्द करताना ते वाक्य बेजबाबदार असल्याचे सांगितलेच, पण मुलांच्या तोंडी हिंसेस चिथावणी देणारा एकही शब्द नव्हता, आणि नाटुकले शाळेच्या आवारात झाले असून फेसबुकवर येईपर्यंत बाहेरच्या जगाला त्याची वार्ताही नव्हती, हेही स्पष्ट केले. मुलांना असे वाक्य शिकवू नये, हे मीही म्हणेन. पण ते सांगण्याची जागा पालकसभा होती. निवाडा यायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्या काळात जिल्ह्यातील किती शिक्षकांनी स्नेहसंमेलनातून नाटकच वगळले असेल, याची गणती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आमच्या भागाला हा धडा नवा नाही. निजामी अमलात एक फतवा होता, ज्यान्वये सभा भरवायची तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. आणि ती मिळण्याची शाश्वती नसल्यामुळे हैदराबाद राजकीय परिषदेला आपली अधिवेशने काकिनाडा, मुंबई, पुणे, अकोला अशी संस्थानाच्या हद्दीबाहेर भरवावी लागली. तो फतवाही सार्वजनिक शांततेच्याच नावाने होता. एक गोष्ट त्यात आजच्यापेक्षा बरी म्हणावी लागेल, की ज्याची सभा नाकारली जाई त्याला आपली सभा नाकारली गेली एवढे तरी कळत असे.

आज तेही कळेलच असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखालील मजकूर रोखण्याच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेची अट आहे. केंद्र सरकारच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून निरनिराळ्या खात्यांचे व पोलिसांचे आदेश थेट कंपन्यांकडे जातात, आणि त्याविरुद्ध ‘एक्स’ कंपनीने केलेला अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला. त्यानंतर महिनाभरात केंद्राने नियम सुधारून, असा आदेश सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक यांच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने देऊ नये व त्यात कारणे नमूद असावीत, असे ठरवले, हे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. पण ती कारणे वाचतो कंपनीचा वकील. ज्या शेतकऱ्याची, शिक्षकाची, वार्ताहराची पोस्ट नाहीशी झाली, त्याला नक्कल देण्याचे बंधन कोणावरही नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये तर आदेश पाळण्याची ३६ तासांची मुदत ३ तासांवर आणली गेली. एवढ्या अवधीत कोणतीही कंपनी विचार करीत बसणार नाही. ती मजकूर काढून मोकळी होईल.

सरकारवर एवढा अविश्वास का, असे कोणी विचारील. पालघर आठवावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्याबद्दल व त्या पसंत केल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली, तिच्यातून उद्भवलेल्या खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरले, आणि ते रद्द झाल्यावरही कित्येक ठाण्यांत गुन्हे त्याच कलमाखाली नोंदले जात राहिले. पुढे सरकारने स्वतःविषयीच्या बातम्यांची सत्यता ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच कक्षाला देऊ केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. वादी आणि मुनसफ एकच असू नये, एवढे जुन्या तहसिलीतल्या कारकुनालाही समजत असे.

सीमाभागातील मराठी माणसाला यात आणखी एक काळजी आहे. १४ डिसेंबर २०२२ रोजी दिल्लीत महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांच्या बैठकीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले, की मोठ्या नेत्यांच्या नावाच्या बनावट ट्विटर खात्यांनी सीमाप्रश्न चिघळवला. अशा खात्यांवर तात्काळ इलाज हवाच. पण डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात कर्नाटक विधिमंडळाने मंजूर केलेल्या द्वेषमूलक भाषणविरोधी विधेयकात भाषेचाही आधार धरलेला आहे आणि नियुक्त अधिकाऱ्यास मजकूर काढवण्याचा अधिकार आहे. मराठी माणसाला शिव्या देणारी पोस्ट त्याखाली येईल, हे ठीक. मराठी शाळेला शिक्षक द्या म्हणणारी पोस्टही उद्या कोणाला द्वेषमूलक भासली, तर ती वाचून निर्णय करणाऱ्यास मराठी येत असेल काय?

ओटीटीविषयी फार लिहावेसे वाटत नाही. ७, १३, १६ वर्षे आणि प्रौढ अशी प्रतवारी व पालकांसाठी कुलूप, ही २०२१ च्या नियमांतील व्यवस्था मुळात शहाणपणाची आहे; मात्र ज्या घरात एकच फोन असून तो अभ्यासासाठी मुलाच्या हाती असतो, तेथे ते कुलूप कसे लावावे हे ग्रामपंचायतीने किंवा शाळेने शिकवल्याखेरीज ती कागदावरच राहील. कथानक न आवडल्यामुळे गुन्हा नोंदवून दृश्ये कापायला लावणे, जे ‘तांडव’ मालिकेच्या बाबतीत जानेवारी २०२१ मध्ये घडले, हा मात्र नियमनाचा प्रकार म्हणता येत नाही.

तेव्हा आमचे मागणे मर्यादित आहे. फॉरवर्डचा वेग, बनावट खाती, जमावाला चिथावणी, यांवर सरकारने कठोर व्हावे. मजकूर काढण्याचा प्रत्येक आदेश सकारण असावा, त्याची नक्कल लिहिणाऱ्याला त्याच्या भाषेत, म्हणजे येथे कन्नड, मराठी किंवा उर्दूत, ठरावीक दिवसांत मिळावी, आणि त्याविरुद्धचे अपील ऐकण्याचा अधिकार बीदरच्या जिल्हा न्यायालयाला असावा, कारण बेंगळुरू येथून फार दूर आहे आणि वकिलाची फी त्याहूनही दूर. हे बीदरच्या खासदारांनी संसदेत आणि औरादच्या आमदारांनी विधानसभेत मांडावे, आणि वाचकांनी त्यांना तसे लेखी कळवावे.