फवारा वरून की खालून?

आंब्याच्या कलमांना मोहोर फुटू लागला की रत्नागिरीच्या बागांतून सकाळपासून पंपांचा आवाज सुरू होतो. तुडतुडे आणि भुरी यांच्यावर औषध मारल्याशिवाय हापूस हाती लागत नाही, असे बागायतदार म्हणतात आणि ते खोटे नाही. पण नळी ओढणारा आणि गन धरणारा बहुधा वाडीतला मजूर असतो, नाहीतर नेपाळहून आलेला गडी. औषध झाडावर जाते आणि उरलेले त्याच्या डोक्यावर गळते.

आता ड्रोन आले आहेत. महिला बचत गटांना 15 हजार ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारने 2023 साली मंजूर केली. "पाठीवरचा पंप गेला की विषबाधाही गेली," असे आमचे काही मित्र म्हणतात. आम्ही पडलो कारकून. जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडल्याशिवाय आम्हाला हिशेब पटत नाही.

जमिनीवरून फवारण्याचा खर्च 2017 साली यवतमाळने भरला. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, तोंडाला फार तर एखादा रुमाल बांधून मजूर फवारत होते. एका यवतमाळ जिल्ह्यातच 20 हून अधिक माणसे दगावली, शेकडो आजारी पडली.

मग आकाशातून फवारणी बरी का? केरळातल्या कासारगोडला विचारा. तेथे काजूच्या सरकारी मळ्यांवर सुमारे 25 वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. मळे टेकडीवर, वस्ती आणि पाणी खाली. आपल्या कोकणासारखेच! वाऱ्याने आणि पावसाने विष खाली उतरले. जन्मतः व्यंग असलेली मुले घराघरांत दिसू लागली. कृषी खात्यात नोकरी करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा 1998 साली कोर्टात गेल्या आणि पुढे ती फवारणी थांबली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली.

ड्रोन हेलिकॉप्टरपेक्षा पुष्कळ खालून उडतो, हे खरे. पण त्याच्या टाकीत पाणी थोडे मावते, म्हणून द्रावण पंपातल्यापेक्षा जहाल करतात. थेंब बारीक, वारा असला की दूर जातात. शिवाय तुडतुडे सालीच्या भेगांत आणि दाट पानांआड लपतात; वरून मारलेले औषध तेथपर्यंत नीट पोचत नाही. खताचे तर बोलायलाच नको. हापूसला खत पावसाळ्याच्या तोंडाशी झाडाभोवती चर खणून द्यावे लागते. ते काम कुदळीचेच.

म्हणजे यंत्र बदलले तरी एक प्रश्न राहतोच: विष कोणाच्या अंगावर पडणार? जमिनीवरून मारले तर मजुराच्या, वरून मारले तर सगळ्या वस्तीच्या.

कायदा मात्र या बाबतीत मुका नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत फवारणी करणाऱ्यास संरक्षक कपडे आणि वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. हवाई फवारणीची सूचना लोकांना निदान 24 तास आधी द्यावी, असेही त्यात आहे. हे आपण मागितले पाहिजे. एकट्याने मागितले तर उद्या कामावर बोलावणार नाहीत. म्हणून वाडीतल्या सर्वांनी मिळून, हंगामाआधी, मजुरी ठरवतानाच हातमोजे, मुखवटा, गमबूट आणि अंघोळीला साबण-पाणी ठरवून घ्यावे.

भगिनींनाही दोन शब्द. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, वेगळे धुवा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा धान्य भरू नका. घरच्या माणसाला गरगरले, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उन्हाचा त्रास म्हणून झोपवून ठेवू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. कोणते विष ते कळले, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि माणूसही.